गंगेचं पाणी सुईनं भरताना: दुतोंड्या मारुती, एकच रंग आणि टाक्याची दिशा

सुईवाली

नमस्कार मंडळी. मागे मी माझ्या भरतकामाचा एक फोटो टाकला होता, तेव्हा तिघाचौघांनी विचारलं होतं की पुराच्या पाण्यासाठी किती रंगांचे दोरे घेतले. उत्तर एका शब्दाचं आहे: एक. पण त्या एकापर्यंत यायला मला सहा वर्षं लागली, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे. लांबेल, चालवून घ्या.

नाशिकबाहेरच्यांसाठी आधी थोडं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" म्हणजे रामकुंडाकडे चक्कर. तिथून जवळच घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे, शेंदरी, भला उंच, एक तोंड पुढे आणि एक मागे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव या मारुतीकडे डोळे लावून बसतं. विसर्गाचे क्युसेकमधले आकडे बातम्यांत येतात, पण घराघरांत विचारतात ते एकच, "मारुतीच्या कुठवर आलं?" घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्याच्याही वर गेलं की मग काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव निघतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पूर्ण बुडाला. त्या दिवशी मी पुलावरच्या गर्दीत उभी होते. पाणी सगळीकडे एकाच रंगाचं होतं, दूध कमी पडलेल्या चहासारखं. तरी ते एकसारखं दिसत नव्हतं. कुठे चकाकत होतं, कुठे काळपट, कुठे मखमलीवरून उलटा हात फिरवावा तसं. मारुती जिथे असायला हवा तिथे पाणी किंचित फुगून दोन्ही बाजूंनी वळत होतं आणि पुढे जाऊन परत एकत्र मिळत होतं. त्या मिळण्याच्या जागी एक लांब शिवण पडली होती. मला "शिवण" हाच शब्द सुचला आणि तो घेऊनच मी घरी आले.

दुसऱ्याच आठवड्यात मेनरोडला जाऊन मातकट, तपकिरी, गेरू अशा चौदा छटांच्या लडी आणल्या. लांब-आखूड टाक्यानं एका छटेत दुसरी मिसळत भरायला बसले. फुलं आणि पक्षी असेच शिकले होते. पाणी मात्र जमेना. पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरल्यासारखं दिसायचं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा कापडच बाजूला ठेवलं.

पुढे देवळाली कॅम्पातल्या एका पंजाबी मावशींनी त्यांच्या आजीचा बाग दाखवला. बाग म्हणजे कापडाचा पोत जवळजवळ दिसूच नये इतकी दाट भरलेली फुलकारी. मी म्हटलं, किती सुंदर दोन पिवळे घेतलेत! त्या म्हणाल्या, "दोन कुठं? एकच आहे." आणि त्यांनी बाग माझ्यासमोर हळूहळू फिरवला. उजळ पिवळा मंद झाला, मंद पिवळा उजळला. काही चौकोनांत टाके उभे, काहींत आडवे, एवढाच फरक होता. पीळ नसलेलं रेशीम, त्यामुळे प्रकाश टाक्याच्या अंगावरून सरळ घसरतो. मी पाण्याचा रंग शोधत बसले होते आणि पुलावर मला दिसली होती ती पाण्याची दिशा.

मग चौदापैकी एकच लडी ठेवली. आता मारुतीमागची ती शिवण कशी भरते ते नीट सांगते, कारण सगळं काम तिथेच आहे. लडीच्या सहा पदरांतला एकच पदर घेते, दहा नंबरची सुई, दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नाही. लांब घेतला की कापडातून जाऊन येऊन त्याचं तेज उतरतं, आणि माझं सगळं काम तेजावर आहे. संथ पाण्यात टाके आडवे, चार-पाच मिलिमीटरचे. मूर्तीजवळ येताना प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित कलती घेते. पुढे दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांकडे तिरपे येतात, पण भेटत नाहीत. मधे सुताएवढं कापड मोकळं ठेवते. तिथे सावली साचते. ती काळी रेघ दिसते ना फोटोत? तो दोरा नाही, टाक्यांच्या दोन काठांमधली फट आहे.

चार चौकटी झाल्यात: घोटा, गुडघा, कमर, छाती. पाचवीवर अडले आहे, ते पुढे लिहीन.

जुनं_नाशिक

ताई, अंगावर काटा आला वाचून. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. वडील सराफ बाजारातल्या पाण्याची खूण भिंतीवर हातानं दाखवायचे. "मारुतीच्या कुठवर आलं" हे तर आजही आई फोनवर पहिलं विचारते, मी पुण्यात असलो तरी! एक शंका. मारुतीला दोन तोंडं, तुम्ही कुठलं दाखवलंय? की दर चौकटीत वेगळं?

सुईवाली

चारही चौकटींत एकाच बाजूनं, जराशा कोनातून, म्हणजे दुसऱ्या तोंडाची कड तेवढी दिसते. मूर्ती हलू नये, फक्त पाणी चढावं, असं मनात होतं. पण मोजायला गेलात तर घोट्याच्या चौकटीतला मारुती छातीच्या चौकटीतल्यापेक्षा जाड आहे. प्रत्येक वेळी नव्यानं काढल्यामुळे तसं झालं. ते मला फार सलतं.

नवशिकी

किती छान लिहिलंय! मी गेल्या दिवाळीपासून शिकतेय, त्यामुळे बाळबोध प्रश्न. कापड कुठलं? चित्र कापडावर कशानं उतरवता? माझी कार्बनची रेघ धुतल्यावरही जात नाही.

सुईवाली

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, निम्मी कामं तिथेच बिघडतात. कापड मांजरपाट, कोरा, बिनधुव्याचा. आणला की आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवते, खळ निघून जाते आणि काय आटायचं ते आधीच आटतं. हे केलं नाही तर भरून झाल्यावर पहिल्या धुण्यात कापड आटतं, टाके आटत नाहीत आणि सगळं चुरमडतं.

चित्रासाठी मी पाण्यानं जाणारं निळं पेन वापरते. त्याबद्दल एक सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कमरेच्या चौकटीचं पहिलं काम होत आलं होतं, साधारण तीन आठवड्यांचं. कापड चुरगळलं होतं म्हणून धुण्याआधीच उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली. निळ्या रेघा तपकिरी झाल्या आणि पक्क्या बसल्या. गार पाणी, साबण, लिंबू, काही काही केलं तरी हलल्या नाहीत. पाण्याच्या भागात त्या लपल्या असत्या, पण मारुतीच्या छातीवर, शेंदरी टाक्यांच्या कडेनं, त्या घाणेरड्या दिसत होत्या. ते काम टाकून दिलं आणि नव्यानं सुरू केलं. तेव्हा आधी गार पाण्यात बुडवून निळं पूर्ण घालवायचं, वाळवायचं, मगच इस्त्री. तीही जाड टॉवेलवर काम पालथं घालून, म्हणजे टाके चेपत नाहीत.

खाक्यावाल्या_काकू

सुईवाली, अगं तुझा मारुती जाड-बारीक होतो त्याला आमच्या वेळचा उपाय आहे. खाका कर. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, खाली जुनी घोंगडी घ्यायची आणि रेघेवरून सुईनं टोचत जायचं, जवळजवळ, तीळ ठेवावेत तसं. उलट्या बाजूला भोकांचे काठ उभे राहतात, ते बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासून घ्यायचे म्हणजे भोकं मोकळी राहतात. मग कागद कापडावर टाचण्यांनी पक्का करून, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत कापसाचा बोळा बुडवून, घट्ट पिळून वरून पुसायचा. कागद उचलला की कापडावर निळे ठिपके. रॉकेल उडून जातं, नीळ धुण्यात जाते. गडद कापड असेल तर निळीऐवजी झिंक पावडर.

एकदा टोचलेला खाका मी पंधरा-पंधरा वर्षं वापरलाय. लग्नात रुखवतावर ठेवायला अर्ध्या गल्लीनं माझ्याच मोराच्या खाक्यावरून उशांचे अभ्रे भरलेत. बोळा मात्र ओला नको, थेंब पडला की डाग पसरतो. आधी कोपऱ्यावर करून बघ.

सुईवाली

काकू, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! आजी करायची, घरात रॉकेलचा वास यायचा तो अजून आठवतो. एकाच खाक्यावरून चारही मारुती काढता येतील. जाड झालेला घोट्याचा मारुती परत करीन. तुम्हाला मनापासून नमस्कार.

रसायनवाला

चकाकीबद्दल थोडी भर घालतो, माझं शिक्षण कापड रसायनातलं आहे. साध्या सुती दोऱ्याला असं तेज नसतं. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपटा आणि पीळ पडलेला दिसतो, फितीसारखा. प्रकाश त्याच्यावरून वाट्टेल तसा विखुरतो. जॉन मर्सर या इंग्रज माणसानं कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली आणि १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यात तंतू फुगून गोल होतो आणि रंगही जास्त पितो. पण सूत आटायचं, म्हणून गिरण्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी होरेस लोव यांनी हीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी झळाळी आली. भरतकामाच्या सहापदरी लडी अशा मर्सराइज केलेल्या सुताच्याच असतात.

गोल, गुळगुळीत दांडीवर प्रकाश पडला की तो दांडीच्या आडव्या अंगाला पसरतो. म्हणून टाका खिडकीच्या संदर्भात कसा पडलाय त्यावर तो उजळ की मंद ते ठरतं. एक पदर घेऊन शेजारी शेजारी टाकण्याचा तुमचा निर्णय त्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. पीळ जितका कमी तितका परिणाम स्वच्छ.

विनंती एकच, चौकटी थेट उन्हात लावू नका. शेंदरी आधी उडेल.

येवल्याचा_धोटा

आमच्या घरात तीन पिढ्या पैठणीचे माग आहेत. तुमचं वाचून धूपछाव आठवली. ताण्याला (उभ्या धाग्यांना) एक रंग, बाण्याला (आडव्या धाग्यांना) दुसरा, म्हणजे पदर हलला की कधी हा रंग वर येतो कधी तो. आम्हाला त्यासाठी दोन रंग लागतात, तुम्ही एकात करताय, याचं कौतुक वाटलं.

जाता जाता एक गोष्ट, कारण या विषयावर बोलणं निघालं की हमखास चूक होते. पैठणीच्या पदरावरचा मोर भरलेला नसतो, विणलेला असतो. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे दोऱ्याची छोटी कांडी, हातानं ताण्यातून फिरवतात. काल एका बाईंनी आमच्याकडे येऊन "हे भरतकाम किती दिवसांत होतं" विचारलं. राग नाही, पण माग आणि सुई या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि दोघींचा मान वेगवेगळा राखावा असं वाटतं.

चंद्रकळा

माझं माहेर धारवाडचं, सासर गंगापूर रोडला. आमच्याकडे कसुती. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे चार टाके, छापा नाही की रेघ नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, गाठ मारायची नाही. माझी आत्या समोरची बाजू बघायचीच नाही, काम हातात घेऊन थेट पालथं करायची.

तेव्हा सुईवालीताई, पाठ दाखवा!

सुईवाली

पाठ कसुतीसारखी नाही, ती तशी असूही शकत नाही, कारण दिशा बदलताना दोरा मागून उडी मारून जातो. पण गाठ मीही मारत नाही. सुरुवातीचं शेपूट पुढच्या टाक्यांखाली दाबते आणि शेवटचं मागच्या टाक्यांतून ओवून घेते. गाठ असली की चौकटीत ताणल्यावर समोर उंचवटा येतो, आणि माझ्या पाण्यात उंचवटा म्हणजे खाली दगड आहे असा अर्थ होतो. फोटो उद्या उजेडात काढून टाकते.

सिडकोचा_फिरता_रूळ

माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं छोटं युनिट आहे, शाळांचे लोगो, ब्लाउज पीस वगैरे. हे मशीनवर होईल का, असं इथे कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागाला टाक्याचा कोन ठरवायची सोय असते. बहुतेक जण तो हलवत नाहीत, जो आधीपासून असेल त्यावरच काम काढतात. म्हणून मशीनचं भरलेलं इतकं सपाट दिसतं. चांगला डिजिटायझर, म्हणजे चित्राचे मशीनसाठी टाके ठरवणारा माणूस, पानाच्या दोन अर्ध्या भागांना दोन कोन देतो आणि एकाच हिरव्यात पान उठून दिसतं. गेली नऊ वर्षं मी हे कारागिरांना ओरडून सांगतोय. उद्या तुमचा लेख छापून मशीनसमोर लावणार आहे.

पण तुमची ती शिवण मला मशीनवर काढता येणार नाही. ओळीगणिक कोन थोडा थोडा कलवता येईल, पण कुठे थांबायचं आणि कुठे सुताएवढं कापड सोडायचं हे तुम्ही पाणी आठवून ठरवलंय. ते मी कुठल्या खिडकीत टाइप करू?

सुईवाली

कोनाबद्दलची ही माहिती मला नवीन आहे, फार आवडली. मशीनला नावं ठेवायला हा धागा नाहीच. दिशा बघणारा माणूस दोन्हीकडे लागतो.

पंचवटी_एक्सप्रेस

थोडा वेगळा मुद्दा. तुम्ही हे कुठे मांडलं आहे का? मी मुंबईत नोकरीला, म्हणून तिकडचं कानावर येतं. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसला रोदँ संग्रहालयात दियोर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोसाठी मनू पारेख आणि माधवी पारेख यांच्या चित्रांवरून प्रचंड भरतकाम लावलं होतं, भिंतीच्या भिंती. ते भरलं मुंबईच्या चाणक्य या भरतकाम करणाऱ्या संस्थेच्या कारागिरांनी. पुढे मार्च २०२३ मध्ये त्याच दियोरचा शो गेटवे ऑफ इंडियाला झाला, तेव्हा कमानीला भरतकामाचं भलंमोठं तोरण होतं. म्हणजे सुईचं काम चित्राच्या बरोबरीनं भिंतीवर येतंय. आपल्याकडे मात्र अजून उशीचा अभ्राच डोळ्यांसमोर येतो.

सुईवाली

मांडलं होतं, एकदा. शहरातल्याच एका प्रदर्शनात. अर्ज चित्र विभागात केला होता, नेऊन बसवलं हस्तकलेच्या रांगेत, तोरणं आणि मोबाइलच्या पिशव्यांच्या शेजारी. तोरणं करणाऱ्या बायकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांच्यातल्या दोघी आता मैत्रिणी आहेत. पण आयोजकांपैकी एकांनी गुडघ्याची चौकट उचलून खिडकीपाशी नेली, उन्हात तिरपी धरली आणि म्हणाले, "रंग थोडे जास्त वापरले असते तर चित्र वाटलं असतं." पाणी त्यांच्या हातात हलत होतं, उजळत होतं, विझत होतं, आणि त्यांना ते दिसलं नाही. घरी येऊन मी रडले, हे खरं आहे.

किमतीचंही तसंच. छातीच्या चौकटीला १४० तास लागले. वहीत रोज लिहिते, सुरू केल्याची वेळ आणि थांबल्याची वेळ. कुणी किंमत विचारली की आता वही पुढे ठेवते. काही जण पान उलटून बघतात आणि घासाघीस करत नाहीत. बाकीचे निघून जातात, जाऊ देत.

पॅरिसच्या कामाचे फोटो मी पाहिलेत. चित्रकाराची रेघ आणि कारागिराचा टाका दोन्ही त्यात ओळखू येतात. माझ्याकडे दोन्ही कामं माझीच, त्यामुळे कधी कधी रेघ चुकीची काढली हे सुई सांगते आणि मी ऐकते.

नवशिकी

पाचव्या चौकटीचं राहिलं!

सुईवाली

हो. पाचवी म्हणजे २०१९. मारुती दिसतच नाही. वितभर कापड, सगळं एकाच मातकट दोऱ्यात, शेंदरी कुठेच नाही. फक्त जिथे तो आहे तिथे टाके फुगून दोन्ही बाजूंनी वळतात आणि पुढे शिवण. समोरून बघणाऱ्याला नुसतं तपकिरी कापड वाटेल. दोन पावलं बाजूला सरकलं की पाण्याखाली कुणीतरी उभं आहे हे कळावं. ते होत नाहीये. दोनदा भरलं, दोन्ही वेळा फुगवटा जास्त झाला आणि भोवरा वाटायला लागला.

जुनं_नाशिक

एक सुचवू? शेंदराचा एकच टाका द्या, अगदी बारीक. नाशिककराला पुरेल.

चंद्रकळा

नको नको. तो टाका दिला की सगळे तोच टाका शोधत बसतील, पाणी कोण बघणार?

खाक्यावाल्या_काकू

मला विचारशील तर खाका मारुतीचाच उमटव, अख्ख्या मूर्तीचा, दोन्ही तोंडांसकट. आणि ठिपक्यांवरून पाणी भर. मूर्ती खाली आहे हे हाताला माहीत असलं की टाका आपोआप तिला बगल देऊन जाईल. आत्ता तू रिकाम्या कापडावर वळण आठवून काढतेस, म्हणून भोवरा होतोय.

सुईवाली

काकू... हे वाचून मी सुई खाली ठेवली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

शेंदराचा टाका देत नाही, जुनं_नाशिक, रागावू नका. ठिपके निळीचे असतील, भरून झाल्यावर धुतले की जातील. कोपऱ्यावरच्या दुकानात रॉकेल मिळत नाही आता, भाऊ उद्या कुठून तरी बाटलीभर आणून देतो म्हणालाय. ट्रेसिंग पेपर घरात आहे. आज रात्री टोचायला घेते, खालच्या पायांपासून.